जाळी फेक, वर बघ

गल्लीत बातमी पसरली ती अशी: झेल्यानं शत्रूचा हातगोळा हवेतल्या हवेत झेलला, आणि नुसता झेलून थांबला नाही, तर गर्रकन फिरून शत्रूच्याच खंदकात परत फेकला. मग कुठं झेल्या स्वतः पडला. सकाळी न्हाव्याच्या दुकानात ह्या गोळ्यानं दोन-तीन माणसं मारली होती. दुपारपर्यंत अख्खी तुकडी गारद झाली. संध्याकाळी त्यात एक रणगाडाही जळाला. न्हाव्याचं बरं असतं, समोरच्याच्या गालाला साबण आणि गळ्याशी वस्तरा असला की मान हलवून "नाही" म्हणायची कुणाची छाती होत नाही. पराचा कावळा होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण आमच्या न्हाव्यानं त्या कावळ्याला विमान करून आकाशात सोडलं.

सगळं खोटं. झेल्यानं हातगोळा झेललाच नव्हता. हे गल्लीत एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस तोंड शिवून बसला होता. तो म्हणजे खाटीकमामा. त्याला ठाऊक होतं, कारण त्यानं पोराचे हात पाहिले होते.

मामा झेल्याचा सख्खा मामा, पण उरलेल्या गल्लीचाही तोच मामा. खांद्यावर अर्धं जनावर टाकून चालेल असा आडवा गडी, नाक तीनदा मोडलेलं, म्हणून बोलताना वाऱ्यानं दार करकरावं तसा आवाज. खाली दुकान, वर माडीवर त्याची थोरली बहीण आणि तिचा एकुलता एक मुलगा. मेहुणा पोर रांगत असतानाच गेलेला. तेव्हापासून बहीण माडीवरून मामावर राज्य करायची आणि मामा खाली सुरीला धार लावत "हो ताई, हो ताई" करायचा.

लष्कराची गाडी आली तेव्हा माडीचा जिना अरुंद म्हणून पेटी खाली दुकानातच ठेवावी लागली. बरोबरचा अधिकारी खालच्या आवाजात म्हणाला, "उघडू नका." मामा म्हणाला, "बरं साहेब." ज्या आवाजात तो गिऱ्हाइकाला "बरं, हाड नको" म्हणायचा, त्याच आवाजात. गाडी वळणाआड गेली तसं त्यानं शटर ओढलं आणि स्क्रू काढायला घेतले.

पोराचे दोन्ही हात शाबूत होते. डाव्या तळव्यावरचा तो चेंडू झेलून झेलून झालेला चामड्यासारखा घट्टा, वाकडं जुळलेलं मधलं बोट, सगळं जिथल्या तिथं. कुणीतरी नखंसुद्धा साफ केली होती. हातगोळा झेललेल्या माणसाला नखं उरत नाहीत. हात संपले आणि मामाची नजर डोक्यावर गेली. लोखंड कपाळातून आत शिरलं होतं. मागून नाही, बाजूनं नाही. भुवईच्या वरून आत आणि खाली. डोक्यावर काही नसताना, मान मागं टाकून, तोंड आभाळाकडं करून उभ्या असलेल्या माणसाला लागावं तसं.

मामानं झाकण बसवलं, स्क्रू हात दुखेस्तोवर पिळले आणि मांस तोडायच्या ओंडक्यावर बसला. ताई जिना उतरून आली. "बघितलंस का रे?"

"नाही, ताई. उघडायचं नाही म्हणाले."

तेवढ्यात शटरखालून वाकून न्हावी आत शिरला. कुठं काय ऐकून आला होता देव जाणे, पण हातगोळ्याची गोष्ट त्यानं ताईला तिथंच ऐकवली आणि शेवटी मामाकडं वळून म्हणाला, "काय मामा, झेलणारच की आपला पोरगा! नाही का?"

मामानं मान हलवली. ती एक मान हलली आणि गोष्टीवर शिक्का बसला. खाटीक सहसा कुणाच्या हो ला हो करत नाही, त्यामुळं गल्लीला वाटलं, खरंच असणार.

आता मामानं मान का हलवली, ते कळायला थोडं मागं जायला हवं.

आमच्याकडं सुट्टीच्या दिवशी बेसबॉल चालायचा. खाटीक, गाडीवान, टायरवाले मिळून गल्लीचा संघ, आणि समोर बहुतेक वेळा रेल्वे वर्कशॉपचा. खेळ म्हणायची पद्धत, खरं तर ती दर आठवड्याची हाणामारी, मध्ये मध्ये चेंडू टाकून सजवलेली. ह्या खेळात बॅटवाल्याच्या मागं एक जण उकिडवा बसतो. जो चेंडू बॅटवाला चुकवेल तो ह्यानं घ्यायचा. सगळ्यात जास्त मार ह्यालाच. गुडघ्यावर, बोटांवर, गळ्यावर, आणि जिथं कुणी लागलं म्हणून सांगत नाही तिथं. म्हणून तोंडावर लोखंडी जाळी. आपल्या उमेदीत ही जागा मामाची. मामाचं पोट सुटलं आणि उकिडवं बसल्यावर उठवायला दोघं लागायला लागले, तेव्हा त्यानं भाच्याला तिथं बसवलं. पोराचं नाव तेव्हापासून झेल्या पडलं आणि खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं.

त्या जागेची एक खोड आहे. बॅटला चाटून चेंडू सरळ आभाळात गेला, की जाळीतून तो दिसत नाही. तेव्हा क्षणात जाळी ओरबाडून लांब फेकायची, मान मागं टाकायची, चेंडू शोधायचा आणि ओरडायचं, "माझा!" झेल्या सुरुवातीला जाळी काढायला घाबरायचा. कोण सोडतो डोक्यावरचं लोखंड? मग मामा त्याच्या कानाखाली ठेवून द्यायचा. "जाळी फेक, वर बघ! चेंडू काय जमिनीतून उगवणार आहे?"

मैदानावर भागेना म्हणून मामानं शाळा दुकानात भरवली. झेल्या हाडं तोडत असायचा, डोक्यावर टोपी. मामा मागून गुर्दा नाहीतर नळीचं हाड छताकडं भिरकावायचा. झेल्यानं टोपी फेकून, वर बघून, "माझा!" म्हणत ते घ्यायचं. चुकलं की पट्टा. गिऱ्हाइकं दारातच वाकून उभी राहायला शिकली होती. एका रिटायर्ड मास्तरणीच्या चष्म्यावर एकदा अख्खी कलेजी बसली. बाई नुसत्या म्हणाल्या, "एवढी नको होती, अर्धीच द्या."

ताई जिन्यावरून हे बघायची आणि कडाडायची, "ए, माझ्या पोराच्या डोक्याला काही झालं ना, तर तुझ्याच सुऱ्यानं तुझं मुंडकं उडवीन!"

मामा ओरडून उत्तर द्यायचा, "धार लावून ठेवतो, ताई!" आणि दुकान हसायचं.

"माझा" ह्या शब्दाचा कायदा मात्र रक्त सांडूनच झाला. वर्कशॉपविरुद्धचा सामना होता. चेंडू उंच गेला, झेल्या आणि चेंडू फेकणारा लांब्या, दोघंही आभाळाकडं बघत धावले आणि कुणीच तोंड उघडलं नाही. लांब्या म्हणजे टायरवाल्याचा मुलगा, झेल्याचा जिवाभावाचा मित्र, विजेच्या खांबासारखा. दोघांची टक्कर झाली ती पार रस्त्यावर ऐकू गेली. लांब्याचे समोरचे दोन दात तुटले. एक मातीत मिळाला, दुसरा झेल्याच्या कपाळात रुतलेला. वर्कशॉपचा एक जाडा फोरमन हसला. लांब्यानं रक्ताची गुळणी त्याच्या शर्टावर टाकली, झेल्यानं कपाळात दात तसाच ठेवून त्याच्या पोटात डोकं घातलं, आणि मग बॅटी निघाल्या. पंचाचं गळ्याचं हाड मोडलं, बिचाऱ्यानं कुणाला बाद दिलं होतं हे त्याला स्वतःलाही आठवलं नाही. मामानं एका हातानं फोरमनची मान आवळली होती आणि दुसऱ्या हातानं भाच्याच्या कपाळातला दात उपटून काढत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळा संघ उभा केला. "जो 'माझा' म्हणेल, चेंडू त्याचा. बाकीच्यांनी अंग झोकून लांब व्हायचं. विचार करायचा नाही. उभा दिसला की पट्टा." आणि चेंडू उडवत राहिला, पट्टा चालवत राहिला. शेवटी अशी गत झाली, की झेल्यानं "माझा" म्हटलं की संघ घारीची सावली पडलेल्या कोंबड्यांसारखा चौफेर उधळायचा. एकदा झेल्या बाजारात केळ्यांचा घड उचलताना म्हणाला, "हा माझा," तर शेजारी उभा असलेला लांब्या अंड्यांच्या टोपलीत जाऊन पडला.

मग लढाई पेटली आणि भरती सक्तीची झाली. झेल्या आणि लांब्या एकाच तुकडीत गेले. ताई झेल्याला लाडात असली की "मुडद्या" म्हणायची. गाडीत चढताना तिनं त्याचा कान पिरगाळला. "डोकं खाली ठेव, मुडद्या. समजलं? खाली."

"हो ग," म्हणून तो हसला. बहिणीच्या मागं उभ्या मामानं त्याला डोळा मारला. त्या एका डोळ्यानं मामाला पुढं कैक रात्री झोपू दिलं नाही. पेटीचं झाकण लावताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती: सैन्यानं पोराला लोखंडी टोपी दिली आणि मी त्याला ती फेकायला शिकवली. ताईला कळलं तर? तिचं बोलणं बंद झालं, माडीचं दार बंद झालं, तर मग खाली दुकानात जगायचं कुणासाठी? त्यापेक्षा न्हाव्याची थाप बरी होती. थापेत पोरगा शूर होता आणि मामा निर्दोष.

ताई आता झेल्याच्या जागी दुकानात बसायला लागली. सुरा चालवायला आठवड्याभरात शिकली. कुणालाही "मुडद्या" म्हणायचं तिनं सोडलं. रोज कुणीतरी यायचं, हातगोळ्याची गोष्ट तिलाच ऐकवायचं. ती मान खाली घालून हाड तोडायची आणि मामा नको तेवढं मोठ्यानं खाकरायचा.

अशात एक दिवस लांब्या परत आला. काखेत कुबडी, डावा पाय घोट्यापासून नाही. दुकानाच्या पायरीवर टेकला तोच न्हावी धावत आला, आणि त्याच्या मागून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही, गळ्यात फडकं तसंच.

"सांग रे लांब्या! कसा झेलला, कसा फेकला! रणगाडा होता ना?"

लांब्यानं विचारलं, "कसला रणगाडा?"

"अरे, हातगोळा! झेल्यानं परत फेकलेला!"

"कुठला हातगोळा?"

मामानं ओंडक्यावरचं हाड जोरजोरात तोडायला घेतलं. तुटलेलं हाडच परत तोडत होता. ताईनं त्याचं मनगट धरलं. "थांब जरा. लांब्या, तू बोल. झालं तसं सांग. मला गोड करून सांगू नकोस."

लांब्यानं मामाकडं बघितलं. मामानं मानेनंच नको म्हटलं. पण लांब्या ज्या ठिकाणाहून आला होता तिथं मानेच्या खुणा कळेनाशा होत असाव्यात.

"वीटभट्टीशेजारी आमचा खंदक होता, मावशी," तो म्हणाला. "पलीकडून उखळी तोफा. त्यांचा गोळा उडताना आधी ठप्प आवाज येतो, उखळात मुसळ पडल्यासारखा. मग गोळा सरळ वर जातो आणि डोक्यावर उतरतो. ठप्प झालं की आम्ही सगळे चिखलात तोंड खुपसायचो. झेल्या उलटा. ठप्प झालं की टोपी काढून फेकली आणि बघितलं वर. पहिल्या दिवशी वाटलं, डोकं फिरलं ह्याचं. पण त्याला तो गोळा दिसायचा. वर गेला की जरा रेंगाळतो ना, तिथं. ओरडायचा, 'डावीकडं पळा! मागं सरका!' बरोबर निघायचं. मग पोरं वाकायच्या आधी ह्याच्या तोंडाकडं बघायला लागली."

अर्ध्या दाढीवरचा साबण वाळत चालला होता.

"शेवटच्या दिवशी पहाटे पलीकडचे आमच्या खंदकात घुसले. गोळी चालवायला जागा नव्हती, मावशी. फावडी, दगड, दात, हाताला येईल ते. एकानं माझ्या गळ्याला तार आवळली. झेल्यानं मागून त्याच्या मानेत फावडं घातलं. आमच्याच वयाचा होता. एका घावात संपला नाही, म्हणून दुसरा घालावा लागला. नंतर झेल्या चिखलाच्या पाण्यात हात धूत बसला. धुतोय, धुतोय. मला म्हणाला, 'मामाचं दुकान किती स्वच्छ असतं रे.'"

मामानं सुरा ओंडक्यावर ठेवला.

"आणि मग ठप्प," लांब्या म्हणाला. "मी आणि तो शेजारी शेजारी. त्यानं टोपी फेकली, वर बघितलं. ह्या वेळी डावीकडं म्हणाला नाही, मागं म्हणाला नाही. ओरडला, 'माझा!'"

लांब्यानं कुबडी मांडीवर आडवी घेतली.

"मावशी, मला काही कळायच्या आत माझं अंग बाजूला फेकलं गेलं. ते मी नाही केलं. मामाच्या पट्ट्यानं केलं. हवेत असताना दिसलं, तो तिथंच उभा, मान मागं, दोन्ही हात छातीशी असे उघडे. मग गोळा खंदकाच्या काठावर उतरून फुटला. माझा हा पाय मागं राहिला होता, तेवढा गेला. तो चुकून खेळातलं ओरडला, की मला बाजूला काढायला ओरडला, मला नाही सांगता येणार. त्याला विचारायला मी रांगत गेलो होतो. पण विचारायला काही... कपाळात लोखंड होतं."

ताई उठली. जिना चढून वर गेली. वर काहीतरी खणखणलं. खाली आली तेव्हा तिच्या हातात झेल्याची लोखंडी जाळी होती. तिनं ती मामाच्या तोंडावर हाणली. मामाचं नाक चौथ्यांदा मोडलं. दुसऱ्यांदा हाणली तेव्हा ओठ फाटून दातापर्यंत गेला. मामानं हात वर केला नाही. रक्त अॅप्रनवर गळत होतं, आणि त्या अॅप्रनवर ते आधीच्या रक्ताहून वेगळं दिसतही नव्हतं.

"पेटी मी उघडली होती, ताई," तो म्हणाला. "मला तेव्हाच कळलं होतं."

"आणि ह्या थापाड्याच्या गोष्टीला मान हलवलीस!" थापाड्या म्हणजे न्हावी. तो गिऱ्हाइकाच्या मागं लपत होता.

"हलवली."

ताईनं ओंडक्यावरचा सुरा उचलला. "धार आहे का?"

ह्या प्रश्नावर एके काळी सगळं दुकान हसायचं. मामानं पुढं येऊन गुडघे टेकले आणि मान ओंडक्यावर आडवी ठेवली. गाल हाडांच्या चुऱ्यात रुतला. "लावून ठेवली आहे, ताई."

अर्धी दाढीवाला पळाला. न्हाव्याचा वस्तरा हातातून पडला. लांब्या कुबडीशिवाय उठायला गेला आणि पायरीवर आपटला. सुरा वर गेला, पूर्ण वर, मामानं शिकवला होता तसा खांद्यातून, आणि खाली आला. पातं मामाच्या कानाला चाटून ओंडक्यात मुठीपर्यंत रुतलं. कानाचा खालचा कोपरा सोलला गेला. मामा डोळे मिटून तसाच पडून होता. ताई दोन्ही हातांनी सुरा उपटायला बघत होती आणि तो निघत नव्हता.

शेवटी तिनं मूठ सोडली. मामाच्या शेजारी जमिनीवर बसली, पदरानं त्याच्या कानाचं रक्त दाबून धरलं, आणि मामाकडं न बघता लांब्याला विचारलं, "तिथं कुणी एकानंही त्याला सांगितलं नाही का रे, खाली बघ म्हणून?"

"रोज सांगायचे," लांब्या म्हणाला. "हवालदार तर जीव तोडून सांगायचा. एकदा झेल्यानं टोपी फेकली, तर बंदुकीच्या दस्त्यानं त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की कानातून रक्त आलं. ओरडला, 'मरायचंय का तुला? कुणी शिकवलं हे असलं?'"

मामाचे डोळे उघडले. ओंडक्यावरून त्याला फक्त लांब्याचा उरलेला पाय दिसत होता.

"मग?" ताईनं विचारलं. "घेतलं ह्याचं नाव?"

"नाही, मावशी. नाव नाही घेतलं कुणाचं. कान पुसला, टोपी उचलून चिखल झटकला आणि म्हणाला, 'खाली बघून कधी कुणाला झेल मिळालाय का, साहेब?'"